आधी बंद, मग रडगाणं

कार्ड खडूच्या डब्यात सापडलं. डबा कपाटावर, आजीच्या फोटोमागे. कार्ड तिथे स्वतःच्या पायांनी चालत गेलं असणार, असं घरातल्यांनी ठरवलं आणि विषय संपला.

*

"बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड बंद होणार आहे. आत्ता मोबाइलवर सहा आकडे आले असतील, ते सांगा."

"नाही सांगणार."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," असं म्हणून त्या माणसाने फोन ठेवला. मागे कोणीतरी डाळिंबाचा भाव ओरडत होतं.

*

औषधाच्या दुकानात एकाच खरेदीचे पैसे दोनदा गेले. मुलगा दोन्ही पावत्या घेऊन परत गेला. दुकानदाराने चूक मान्य केली, पैसे परत टाकले आणि म्हणाला, "शाब्बास."

*

मरणाऱ्या माणसाने हात वर केला. बाईने त्याच्या बायकोचा फोटो काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो खाली टाकला. काच फुटली.

*

काउंटरवरच्या मुलीने घड्याळात पाहिलं आणि कागदावर लिहिलं: १०.५२.

*

वहीतला नियम चौथा. कार्ड हरवलं तर आधी बंद, मग रडगाणं.

*

कार्ड सकाळी ८.१० ला बंद केलं गेलं. ते हरवलेलं नव्हतं.

१

बापूराव देवतळ्यांचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांचा नातू तेजस तळमजल्यावर आला आणि पूर्णिमा आगाश्यांच्या दारात चप्पल घालूनच उभा राहिला. वारज्यातल्या या इमारतीत बँकेचं काही अडलं की लोक पूर्णिमाबाईंकडे येत. त्यांनी सव्वीस वर्षं बँकेच्या कार्ड विभागात फक्त तक्रारी ऐकल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर पाटी लावली होती: "सल्ला मोफत. चहा नाही."

"आत ये. चप्पल बाहेर."

तेजस अठरा वर्षांचा. दोन आठवड्यांत त्याचा चेहरा उतरून पार हाडांना लागला होता.

"काकू, एक शोधून द्याल? सत्तावीस तारखेला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझं कार्ड कोणी बंद केलं?"

"बँकेला विचारलंस?"

"विचारलं. ते म्हणतात, मुख्य कार्डधारकाच्या मोबाइलवरून बंद झालं. म्हणजे आजोबांच्या. कार्ड त्यांचं होतं, माझं त्याला जोडलेलं."

कार्डाची गोष्ट इमारतीला माहीत होती. बापूराव म्हणजे शनिवार पेठेतल्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. नातू अठराचा झाला, तेव्हा त्यांनी त्याला आपल्या क्रेडिट कार्डावर जोडकार्ड काढून दिलं आणि वहीत सात नियम लिहून दिले. महिन्याला पाच हजारांच्या वर नाही. प्रत्येक पावती जपायची. मोबाइलने स्कॅन करून पैसे देणं तीन महिने बंद, कारण "स्कॅन करताना बोट विचार करत नाही."

"त्या दिवशी आजोबा म्हणाले, गोळ्या संपल्यात, कार्डावर घेऊन ये. मी गेलो. कार्ड चाललं नाही. मी घरी आलो तेव्हा..." त्याने बाहीने नाक पुसलं. "बाबा म्हणतात, तूच बंद केलंस. पहिल्यांदा कार्ड हरवलं तेव्हा मीच आजोबांच्या फोनवरून बंद केलं होतं ना, नियमाप्रमाणे, आणि सापडल्यावर परत चालू केलं. बाबा म्हणतात, तसंच परत केलंस आणि विसरलास. आणि काकू, मला आता नक्की आठवतच नाही. केलंही असेल."

"आणि तूच केलं असशील तर?"

"तर मला पुढचं ठरवता येईल."

"पुढचं म्हणजे?"

"पुढचं."

पूर्णिमाबाईंनी हे वाक्य नोकरीत दोनदा ऐकलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी दुसऱ्या दिवशी त्या गिऱ्हाइकाला फोन लावला होता, आणि तो उचलला गेला नव्हता.

"उद्या संध्याकाळपर्यंत काही ठरवायचं नाही," त्या म्हणाल्या. "रात्री इथेच जेवायचं. आणि चहा ठेव. तुझ्यासाठी पाटी उतरवते."

२

दुसऱ्या दिवशी तेजसचा बाप योगेश घरूनच काम करत होता. लॅपटॉप उघडा, पडदा काळा.

"ताई, तुम्ही यात कशाला पडता?"

"तुमचा मुलगा काल तेरा पायऱ्या चढताना दोनदा बसला, म्हणून. आठ वाजता बापूरावांचा फोन कुठे होता?"

"हॉलमध्ये, चार्जिंगला. उघडायचे आकडे सगळ्यांना माहीत आहेत. आईची जन्मतारीख."

"सगळे म्हणजे?"

"बाबा, मी, तेजस. मथुराबाई सुद्धा. माझी बायको श्रद्धा नागपूरला होती, तिच्या आईचं ऑपरेशन होतं. मी साडेआठला निघालो."

"तुमचा कार्डाला विरोध होता."

"होता. अठराव्या वर्षी कशाला हवंय कार्ड?" योगेशने लॅपटॉप मिटला. "तुम्हाला कळेलच, म्हणून सांगतो. मी तीन कार्डं फिरवत होतो. एकाचं बिल दुसऱ्यावर. बाबांच्या निवृत्तीच्या पैशातून ती मिटली. बाबा म्हणाले, तुला शिकवायचं राहिलं, त्याला नाही राहू देणार. रोज जेवताना त्या पोराला ते कार्डाचे नियम पाठ करायला लावायचे. मी समोर बसलेला."

"मग हा प्रयोग फसलेला तुम्हाला आवडला असता."

"आवडला असता," योगेश म्हणाला. "पण मी बंद केलं नाही."

"तेजसने त्या दिवशी तुम्हाला तीन फोन केले."

"मीटिंगमध्ये होतो."

"फोन पाहिले होते?"

योगेशने मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला. पडदा काळाच होता.

३

मथुराबाई सांगतात. बापूरावांचा स्वयंपाक त्या करत. पूर्णिमाबाईंचे प्रश्न इथे लिहिलेले नाहीत; मथुराबाईंनी त्यांच्यासाठी जागाच ठेवली नाही.

"म्या कशाला हात लावू फोनला? लावत्ये कधीकधी, सरांना चष्मा सापडत नसला की वाचून दाखवत्ये. पर त्या दिवशी न्हाई. त्या दिवशी सरच फोन घेऊन बसले व्हते सकाळच्याला. हसत व्हते. म्या म्हनलं, काय वो? तर म्हनले, मथुरा, आज चौथा पेपर हाय. म्या म्हनलं, असंल. मास्तर मानूस, सपनात बी पेपर.

"पोरगं गेलं गोळ्या आनाया. ठणठणीत व्हते तवा. चा प्याले. मग मला हाक मारली, तर हाक नुसता वारा. छातीला हात. म्या शेजारच्यांना वरडले, त्यांनी गाडी बोलावली. डब्यात त्या गोळीचा कप्पा बघितला तर मोकळा. एक न्हाई. बाकी समद्या हायत, ती जिभंखालचीच न्हाई.

"त्यांचा हात सारखा कपाटाकडं. सारखा. वर बाईंचा फोटो हाय. म्हनलं, शेवटचं बघायचंय मानसाला. काढून दिला हातात. तर त्यांनी टाकला, वो. चाळीस वर्स संसार केला, आन् टाकला. परत हात कपाटाकडंच. म्या कुनाला बोलले न्हाई त्ये. बायकोचा फोटो टाकला म्हनून गावभर काय सांगू?

"पोरगं आलं तवा झालं व्हतं समदं."

४

"१०.४० ला निघालो," तेजस म्हणाला. "दुकान इथून दहा मिनिटं. दुकानवाले मकबूलचाचा नव्हते, त्यांची मुलगी मिसबा होती. माझ्याच कॉलेजात आहे. कार्ड दोनदा लावलं, दोनदा नाही चाललं. एरवी ती बोलते. त्या दिवशी गप्प. घड्याळाकडे बघितलं आणि काहीतरी लिहिलं."

"तू तिला म्हणालास का, आजोबांच्या नावावर लिहून ठेव?"

"तिच्यासमोर? कार्ड नाकारल्यावर वर उधार मागू?"

"पुढे."

"आणखी एका दुकानात गेलो. तिथेही नाही. मग एटीएमपाशी. पण नियम पाचवा, या कार्डाने रोख काढायची नाही, व्याज त्याच क्षणाला सुरू. म्हणून परत फिरलो. बाबांना फोन केले. मग घरी."

"किती वाजता?"

"११.२०."

पूर्णिमाबाईंनी प्रत्येक ठिकाणची मिनिटं विचारून बोटांवर मोजली. "तेजस, हे सगळं अकरा-नऊला संपतं. अकरा मिनिटं कुठे आहेत?"

तो फरशीवरची रेघ बोटाने पुसत राहिला. वर कोणीतरी मिक्सर लावला, बंद केला.

"बागेच्या बाकावर," तो म्हणाला. "घरापासून दोन मिनिटांवर. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. आजोबा कार्ड काढून घेतील. म्हणून काय सांगायचं ते ठरवत बसलो. हे कोणालाच सांगितलं नाही मी."

"मलाही नाही सांगितलंस," त्या म्हणाल्या. "पुढचा प्रश्न. हे कार्ड आल्यापासून आणखी काय विचित्र घडलं? तारखा हव्यात. मोबाइलमधले मेसेज काढ."

त्याने काढले. कार्ड हरवलं आणि खडूच्या डब्यात सापडलं: सहा नोव्हेंबर. बँकेचा खोटा फोन: तेरा. मकबूलचाचांकडे पैसे दोनदा गेले: वीस. कार्ड बंद: सत्तावीस.

पूर्णिमाबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मांडीवर घेतलं. चारही चौकोन एकाच ओळीत होते.

"गुरुवार," त्या म्हणाल्या. "तुझ्या कार्डामागे कोणीतरी चार आठवडे लागलंय, आणि तो माणूस आठवडी बाजारासारखा वार पाळतो. चोर इतके शिस्तीचे नसतात. पुण्यातले सुद्धा. तो खोटा फोन आला, तो नंबर आहे?"

"आहे. 'फ्रॉड' नावाने ठेवलाय."

"आणि इतक्या दिवसांत त्यावर उलटा फोन करावा असं कोणाला वाटलं नाही. दे इकडे."

५

चौथ्या घंटेला फोन उचलला गेला. मागे कोणीतरी डाळिंबाचा भाव ओरडत होतं.

"मंडई. सलिल बोलतोय."

"तेरा नोव्हेंबरला तुम्ही बँक होतात."

पलीकडे कोणीतरी दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आला.

"तुम्ही सरांच्या कोण?"

"शेजारी."

"बाई, मी सरांचा विद्यार्थी. सत्त्याऐंशीची दहावी. सर म्हणाले, नातवाला असा असा फोन कर, तो आकडे सांगतो का बघ. मी म्हटलं, सर, मला फळं विकता येतात, नाटक नाही. तर म्हणाले, वाचून दाखव, मी लिहून देतो. पोराने ठणकावलं मला. मी सरांना लगेच कळवलं. खूश झाले होते."

"गुरुवारीच का?"

सलिल पहिल्यांदा हसला, आणि ते हसू अर्ध्यात तुटलं. "सरांची चाचणी गुरुवारीच असायची. कुठल्या तासाला ते सांगायचे नाहीत. कधी प्रार्थनेनंतर, कधी डब्याच्या सुटीत. अजून गुरुवारी मी पाढे म्हणत उठतो, बाई. आडत दुकान आहे माझं, चार माणसं हाताखाली, आणि गुरुवारी तोंडात पाढे."

"सत्तावीसची चाचणी काय होती?"

"ते मला माहीत नाही. सर एकाचा पेपर दुसऱ्याला दाखवायचे नाहीत."

६

मिसबा सांगते. दुकानामागच्या खोलीत, औषधांच्या रिकाम्या खोक्यांवर बसून. तिचे वडील मकबूल बाहेर काउंटरवर होते आणि एकाही गिऱ्हाइकाकडे बघत नव्हते.

"अब्बूपण सरांचे स्टुडंट. पैसे दोनदा घेतले ते सरांनीच सांगितलं होतं. तेजस पावत्या घेऊन आला तेव्हा अब्बूंच्या तोंडून शाब्बास निघून गेलं, मग दिवसभर स्वतःवर चिडत होते, की मी पेपर फोडला.

"सत्तावीसला अब्बू होलसेलला जाणार होते. म्हणून सर आदल्या दिवशी येऊन मला सांगून गेले. म्हणाले, उद्या तेजसला गोळ्या आणायला पाठवतो, कार्ड मी बंद ठेवणार आहे. बघायचंय की कार्ड नाही म्हणालं तर तो काय करतो. तू मदत करायची नाहीस. त्याने मागितलं तर सगळं दे, नाही मागितलं तर काही नको. फक्त वेळ लिही.

"मी विचारलं, सर, राइट आन्सर काय? म्हणाले, दोन आहेत. तुला म्हणाला, 'आजोबांच्या नावावर लिही', तर दहापैकी सहा. काही न लपवता सरळ घरी आला आणि म्हणाला, 'आजोबा, कार्ड चाललं नाही', तर दहापैकी दहा. म्हणाले, त्याच्या बापाला हेच कधी जमलं नाही.

"मॅम, औषध समोर होतं. इथे, माझ्या हाताखाली. मला वाटलं, गोळ्या नुसतं निमित्त आहे, पेपरसाठी. तो गेला तेव्हा मला हसू येत होतं.

"अब्बू म्हणाले, कोणाला सांगू नकोस, सरांचं नाव खराब होईल. हा तो कागद. मी टाकू शकले नाही."

कागदावर लिहिलं होतं: १०.५२ कार्ड नाकारलं. १०.५४ बाहेर गेला. काही मागितलं नाही.

पूर्णिमाबाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"ते दहापैकी दहाचं उत्तर," त्या म्हणाल्या, "तेजसने कधी विचारलं, तर तुला माहीत नाही."

"का?"

"तो बाकावर बसला होता."

मिसबाला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. बाहेर मकबूल एका गिऱ्हाइकाला सांगत होते, दुकान बंद आहे. दुकान उघडं होतं.

७

संध्याकाळी सहा. देवतळ्यांच्या हॉलमध्ये योगेश खुर्चीत, तेजस जमिनीवर, मथुराबाई स्वयंपाकघराच्या दारात. कपाटावर आजीचा फोटो, काचेशिवाय.

"कार्ड बापूरावांनी बंद केलं," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "स्वतः, आठ वाजून दहा मिनिटांनी, हसत हसत. मथुराबाईंनी पाहिलंय, फक्त काय पाहिलं ते त्यांना कळलं नाही."

"चौथा पेपर," मथुराबाई पुटपुटल्या.

"पहिला पेपर, कार्ड हरवणं. त्यांनीच डब्यात लपवलं. तेजसने पाच मिनिटांत बंद केलं. दुसरा, फसवा फोन. तिसरा, दोनदा गेलेले पैसे. चारही गुरुवारी, न सांगता. मुलगा विसराळू असेल तर तो सहा, तेरा आणि वीसला विसरत नाही आणि सत्तावीसलाच विसरतो, असं होत नाही. तुम्हाला पोराचा संशय आला, योगेश, कारण तो नियम पाळणारा होता. चोर शोधायचा सोडून तुम्ही शहाणा शोधलात."

योगेशने खुर्ची मुलाकडे वळवली.

"चाचणीत दुखणं नव्हतं. तेजस निघाला तेव्हा ते चहा पीत होते. दुखणं नंतर आलं, आणि ते कोणी पाठवलं नव्हतं."

तेजसने कपाळ गुडघ्यांवर टेकवलं. त्याची पाठ हलत होती. योगेश खुर्चीतून उठला, दोन पावलं आला आणि काय करायचं ते न सुचून त्याच्याशेजारी जमिनीवर बसला.

"मला त्यांनी कधी चाचणी दिली नाही," योगेश म्हणाला. "सरळ पैसे भरले." मग त्याच्याकडे न बघता, "मी तुझे फोन पाहिले होते, तेजस. तिन्ही. वाटलं, पैसे मागत असशील."

तेजसने डोकं वर केलं. "काकू, उत्तर काय होतं?"

"कशाचं?"

"चौथ्याचं. बरोबर उत्तर असणार ना. आजोबा उत्तर नसलेला प्रश्न द्यायचे नाहीत."

सव्वीस वर्षं पूर्णिमाबाईंनी लोकांना फोनवर एकच गोष्ट सांगितली होती: नियम असा आहे. रडणाऱ्यांना, शिव्या देणाऱ्यांना, सगळ्यांना. एकदाही त्यांनी नियम वाकवून सांगितला नव्हता.

"एटीएम," त्या म्हणाल्या. "कार्ड नाकारलं की माणूस घाबरून रोख काढायला धावतो. बंद असलेल्या कार्डावर ती निघाली नसतीच, पण तू कार्ड आत घालतोस का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तू परत फिरलास."

"म्हणजे पास?"

"पहिल्या वर्गात."

त्याने मान हलवली. मग पुन्हा हलवली, स्वतःला समजावल्यासारखी.

"जेवायला वाढा कोणीतरी," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "मी शेजारधर्म फार वेळ पाळू शकत नाही."

मथुराबाई आत गेल्या. योगेश मुलाला हाताला धरून बेसिनपाशी घेऊन गेला, लहान मुलाला नेतात तसा. हॉलमध्ये कोणी उरलं नाही. पूर्णिमाबाईंनी खुर्ची कपाटाला लावली. त्यांचा गुडघा दुखत होता तरी त्या चढल्या. फोटो बाजूला केला, मागचा पत्र्याचा डबा उघडला आणि आत बोटं घातली. बोटांना पांढरी पूड लागली. पूड नसलेलं जे हाताला लागलं, ते त्यांनी मिसबाच्या कागदाशेजारी पर्समध्ये टाकलं, डबा लावला, फोटो जागेवर ठेवला.

"काय शोधताय, ताई?" मथुराबाईंनी ताटं आणता आणता विचारलं.

"काही नाही. फोटो वाकडा होता. नवी काच घालून घ्या."

"घालत्ये," मथुराबाई म्हणाल्या. मग आवाज खाली करून, "ताई, त्यांनी बाईंचा फोटो का टाकला असंल?"

"हातात जोर नसेल," पूर्णिमाबाई म्हणाल्या. दोन तासांतलं हे दुसरं खोटं. पर्सची चेन त्यांनी ओढून पाहिली, लागली होती.

आतून योगेशचा आवाज आला: "तेजस, तुला आमटी किती?" आणि बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्याला उत्तर दिलं.

*

बुधवार, सव्वीस नोव्हेंबर, संध्याकाळी साडेसहा. मथुराबाई घरी गेल्यावर बापूरावांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची, सहा शिल्लक असलेली पट्टी औषधांमधून काढून खडूच्या डब्यात ठेवली, कारण घरात गोळ्या असताना तेजसला दुकानात पाठवणं ही लबाडी झाली असती.